‘द क्राउड’ (१९२८) पाहिला. इतक्या करामती करूनही हा मूकपट खरा का वाटतो?

मुक्काम_वडगाव
शनिवार, रात्री ११.५०

मंडळी, गेल्या आठवड्यात बेळगावात पावसानं काय घातलं ते इथल्यांना सांगायला नको. दोन दिवस घरातच. मुलीनं लॅपटॉपवर एक जुना मूकपट लावून दिला, किंग व्हिडोरचा ‘द क्राउड’, १९२८ सालचा. पाच मिनिटं बघू म्हणून बसलो आणि संपेपर्यंत उठलो नाही.

गोष्टीत सांगण्यासारखं फार काही नाही. जॉन सिम्स नावाचा एक पोरगा, जन्म ४ जुलै १९००. आपण कुणीतरी मोठं होणार असं त्याला लहानपणापासून वाटतंय. न्यूयॉर्कला येतो, विमा कंपनीत कारकुनी करतो, मेरीशी लग्न होतं, दोन पोरं होतात. घराचं दार नीट लागत नाही, संडासाची टाकी बिघडलेली, मेहुणे तोंड वाकडं करून बसलेले. मग लहान मुलगी ट्रकखाली जाते आणि हा पार ढासळतो. एवढंच.

मी स्वतः एकोणीस वर्षं विम्याच्या ऑफिसात काढलीत, त्यामुळं तो गाजलेला शॉट आला तेव्हा पोटात कालवलं. रस्त्यावरून कॅमेरा वर बघतो, उंच इमारत, नुसत्या खिडक्या. मग भिंतीवरनं चढत चढत एका खिडकीतून आत घुसतो. आत दोनशे टेबलं रांगेनं, सगळी सारखी. त्यावरून तरंगत खाली येतो आणि एका टेबलापाशी थांबतो. नंबर १३७. आमचे जॉनराव. मी नकळत माझा एम्प्लॉयी कोड पुटपुटलो.

मुलगी म्हणाली, “पप्पा, ती बिल्डिंग खोटी आहे. मॉडेल जमिनीवर आडवं ठेवलंय आणि त्याच्यावरून कॅमेरा सरकवलाय.” शोधून पाहिलं तर खरंच तसं निघालं!

तर माझा प्रश्न: साध्या माणसाचं साधं आयुष्य दाखवायचं तर इतकी लबाडी कशाला? आणि लबाडी कळल्यावरही मला तो सिनेमा खोटा का वाटेना?

ता.क. आमचे अप्पा (वय ८१, जन्म हातमागावर गेला) शेजारी येऊन बसले होते. सुरुवातीला इंग्रजी पाट्या वाचून दाखवत होतो. अर्ध्या तासानं म्हणाले, “राहू दे, कळालंय.”


एकओळी
रविवार, सकाळी ७.१०

धागा वाचून कळालं की १९२८ मधेही मेहुणे असेच होते. वास्तववाद सिद्ध.


लेन्सवाला_खानापूर
रविवार, सकाळी ९.३०

वडगावकर, बरं झालं हा विषय काढलात. मी लग्नाची शूटिंग करतो, वीस वर्षं झाली, तेव्हा धंद्याच्या बाजूनं सांगतो.

त्या शॉटमधे एक नाही, तीन-चार तुकडे आहेत. पहिला खऱ्या इमारतीचा. दुसरा तुमच्या मुलीनं सांगितला तो, आडव्या मॉडेलवरून सरकणारा. मॉडेलच्या त्या एका खिडकीत ऑफिसच्या सेटचा फोटो लावलेला. कॅमेरा फोटोजवळ पोचला की त्यातून विरघळत खऱ्या सेटवर, आणि तिथं कॅमेरा डोक्यावरच्या तारेला टांगून खाली आणलाय. सांधे अशा ठिकाणी लपवलेत की नजर आधीच पुढं गेलेली असते. आज आम्ही हेच ड्रोननं करतो, मांडवावरून उडून थेट नवरदेवाच्या फेट्यापर्यंत. पण तुम्हाला खरं सांगू? शंभर लग्नांत शंभर वेळा तोच शॉट, आणि कुणाच्याही पोटात कालवत नाही.

कारण माझ्या ड्रोनला मांडवात काही शोधायचं नसतं. तो आपला दिसतंय ते दाखवत येतो. व्हिडोरचा कॅमेरा शोधत येतो. आधी गर्दी, मग खिडक्या, मग टेबलं, मग एक माणूस. आणि माणूस सापडल्यावर वाटतं, हा नसता तर शेजारचा १३६ नंबरचा चालला असता की! ती भीती त्या हालचालीतच आहे. पाटी लिहून दाखवता आली नसती.

तेव्हा लबाडी म्हणू नका. मॉडेल खोटं असेल, मोजमाप खरं आहे.


वखारीकडची
रविवार, दुपारी १२.१५

मी निपाणीची. लेन्सवाले दादांचं पटलं, पण ह्या सिनेमाचं कौतुक करताना लोक एक गोष्ट फार मिटक्या मारत सांगतात ती मला खटकते. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कॅमेरा खोक्यांमधे लपवून, हातगाडीवर ठेवून, लोकांना कळू न देता चित्रण केलं. म्हणे त्यामुळं खरी माणसं मिळाली.

माझी आई तंबाखूच्या वखारीत होती. लहानपणी तिच्याबरोबर जायचे. तंबाखूची धूळ अशी की आत गेलं की पहिली शिंक दारातच. कुणी बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन आला की बायका पदर तोंडावर घ्यायच्या, आणि बाहेरचे लोक म्हणायचे, “लाजतायत.” लाजत नव्हत्या हो! फोटो मालकाला दिसला तर उद्या काम मिळेल का, हा हिशोब होता. त्यांना न सांगता कुणी फोटो काढला असता तर तुम्हाला ‘खरं’ मिळालं असतं, त्यांना काय मिळालं असतं?

उलट उदाहरण देते. ‘युगांतर’ नावाच्या गटानं १९८२ साली निपाणीच्या ह्याच बायकांवर माहितीपट केला. लपवाछपवी नाही. संघटना कशी उभी राहिली त्यातले काही प्रसंग बायकांनी स्वतःच कॅमेऱ्यापुढं परत करून दाखवलेत. म्हणजे म्हटलं तर अभिनय. पण बघताना मला एकदाही तसं वाटलं नाही, कारण काय दाखवायचं ते त्यांना ठाऊक होतं. मूकपट नाही तो, विषयाला सोडून आहे, पण मुद्दा तोच.


मुक्काम_वडगाव
रविवार, दुपारी १२.४०

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या रस्त्यावरच्या तुकड्यांवर खूश झालो होतो. आता परत बघताना त्या टोपीवाल्यांकडं वेगळ्या नजरेनं बघणार.


खडूस_मास्तर
रविवार, दुपारी ३.०५

सगळ्यांचं चाललंय कौतुक, म्हणून विरोधी पक्षाचं काम मी करतो. (निवृत्त शिक्षक, मुक्काम अथणी. पस्तीस वर्षं लाल शाई वापरली आहे.)

ह्या चित्रपटाला वास्तववादी म्हणणं म्हणजे उसाच्या रसाला पाणी म्हणण्यासारखं आहे. घोषवाक्याच्या स्पर्धेत नायकाला ५०० डॉलरचं बक्षीस लागतं, त्याच पैशातून आणलेली खेळणी दाखवायला आईबाप मुलांना खिडकीतून हाक मारतात, आणि त्याच क्षणी मुलगी ट्रकखाली! हा योगायोग कोणत्या विमा कारकुनाच्या आयुष्यात आला? हे मेलोड्रामाचं गणित आहे: सुख दाखवलं की लगेच वजाबाकी.

तसंच सुरुवातीला जाहिरातीचे फलक अंगावर घालून चेंडू झेलणाऱ्या विदूषकाला हसणारा नायक शेवटी स्वतः तेच काम करतो. हरिकीर्तनात शोभेल असा दृष्टान्त.

साधं आयुष्य बघायचं तर जर्मनांचा ‘मेन्शेन आम सोनटाग’ बघा, १९३० चा. बर्लिनमधली पाच माणसं, एकही नट नाही. टॅक्सी चालवणारा टॅक्सीवाला, दारू विकणारा दारूविक्रेता, ग्रामोफोनच्या तबकड्या विकणारी तीच. रविवारी तलावावर जातात, पोहतात, थोडं प्रेम, थोडा मत्सर, सोमवारी परत कामावर. आणि एक बाई तर अख्खा रविवार झोपून काढते! ह्याला म्हणतात वास्तव. ते करणाऱ्या पोरांमधे बिली वाइल्डर, सिओडमाक, झिनेमान होते, पुढं सगळे हॉलिवूडला जाऊन मोठे झाले.


एकओळी
रविवार, दुपारी ३.२०

रविवारभर झोपणारी बाई? आमच्या घरी हा चित्रपट विज्ञानकथा म्हणून बघावा लागेल.


लेन्सवाला_खानापूर
रविवार, सायंकाळी ६.००

मास्तर, ‘नट नाही’ म्हणजे खरं, हे मला मान्य नाही. माझ्या कॅमेऱ्यापुढं येणारा एकही माणूस नट नसतो, आणि सगळे अभिनय करतात. मामा हसत नाहीत, हसून दाखवतात. ह्या धंद्यात साधं माणूस साधं दिसायला सगळ्यांत अवघड.

तुमच्या त्याच सिनेमात एक जागा आहे बघा. तलावाकाठी फोटोवाला लोकांचे फोटो काढतो, आणि प्रत्येक चेहरा हसता हसता, बोलता बोलता मधेच गोठतो. पडद्यावरची हालचाल बंद. तिथं दिसतं की कॅमेरा समोर आला की माणसाचं काय होतं. म्हणजे त्या पोरांनाही ठाऊक होतं की नुसतं ‘नट घेतला नाही’ म्हणून भागत नाही. आणि कॅमेऱ्यामागं कोण होता? ऑयगेन शुफ्टान, आरसे आणि मॉडेल वापरून भव्य देखावे उभे करण्याच्या युक्तीला ज्याचं नाव आहे तोच!

जॉनचं काम केलेल्या जेम्स मरेचं पण सांगतो. हा एक्स्ट्रांच्या घोळक्यातला. व्हिडोरनं त्याला स्टुडिओत जाताना पाहिलं, भेटायला बोलावलं, तर पठ्ठ्या आलाच नाही. चेष्टा करतायत असं वाटलं त्याला. गर्दीतल्या माणसाचं काम करायला गर्दीतलाच माणूस निवडला. मेरीचं काम करणारी एलिनॉर बोर्डमन मात्र मोठी नटी, आणि दिग्दर्शकाची बायको. दोघांमधे तुम्हाला फरक दिसला का? मला नाही दिसला.


करवीरकर
रविवार, रात्री ८.४५

घाट न उतरता कोल्हापूरहून येतोय, चालेल ना? धाग्याचं नाव वाचून वाटलं होतं एव्हाना सीमाप्रश्न निघाला असेल. निराशा झाली.

न्यूयॉर्क-बर्लिन चाललंय, पण तुमच्यापासून शंभर किलोमीटरवर काय झालं होतं ते कुणीच काढेना. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’, १९२५. म्हणजे ‘द क्राउड’च्या तीन वर्षं आधी. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा. सावकाराच्या कचाट्यात जमीन गेलेला शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. देव-दैत्य, राजे-रजवाडे ह्यांच्याच गोष्टी पडद्यावर चालत होत्या त्या काळात कर्जबाजारी कुणब्याला मधोमध उभं करायचं म्हणजे छातीच पाहिजे. स्वतः बाबूरावांनीही पहिला सिनेमा ‘सैरंध्री’च केला होता, १९२० साली.

आणि करामतीचं म्हणाल तर हा माणूस मूळचा पडदे रंगवणारा. नाटकाचे पडदे रंगवून नाव काढलं, पण सिनेमात आल्यावर रंगवलेले पडदे काढून खरी घडीव बांधकामं सेटवर उभी करायची पद्धत आणली. कॅमेरा तर कोल्हापुरातच जोडून बनवला, दामल्यांना हाताशी घेऊन. कंपनीला पैसे कुणी दिले? तानीबाई कागलकर, गाणाऱ्या. कागल म्हणजे निपाणीकरांचं अंगणच.

दुर्दैव हे की मूळ मूकपट आज मिळत नाही. १९३६ ला त्यांनीच बोलपट म्हणून परत केला. मूकपटाच्या आठवणी मात्र लोकांनी लिहिल्यात. सिनेमे काढणाऱ्या जे. बी. एच. वाडियांना त्यातली एक जागा वर्षानुवर्षं लक्षात राहिली होती: अंधुक उजेडात लांबून दिसणारी उदास झोपडी आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचं विव्हळणं.


एकओळी
रविवार, रात्री ८.५०

मूकपटात कुत्रं विव्हळलं?


करवीरकर
रविवार, रात्री ९.०५

ते ऐकू आलं, हीच तर कमाल. (थेटरात बाहेर खरंच कुत्रं असायची शक्यता नाकारत नाही. कोल्हापूर आहे ते.)


रुग्णपाळी
रविवार, रात्री ११.३०

रात्रपाळीवर आहे, मधेमधे लिहितेय. त्या कुत्र्यावरून मला ‘द क्राउड’मधलीच जागा आठवली, कुणी कशी काढली नाही?

मुलगी घरात शेवटचे श्वास मोजतेय. खाली रस्त्यावर शहर आपल्या नादात. जॉनला तो आवाज सहन होत नाही. तो खाली उतरतो, समोरून लोंढा येतोय, आणि हा तोंडावर बोट ठेवून एकेकाला म्हणतो, शूऽऽ. गप्प राहा, माझी पोर आजारी आहे. कुणी थांबत नाही. शेवटी पोलीस येऊन सांगतो की तुझ्या पोरीसाठी जग थांबणार नाही.

आता गंमत बघा, आपल्याला काहीच ऐकू येत नाही. सिनेमा मुका आहे! त्याला गोंगाट सहन होत नाही आणि आपल्याला नुसती चालणारी तोंडं, चाकं, टोप्या दिसतात. बोलपटात हा प्रसंग केला असता तर हॉर्न वाजवले असते आणि पाच सेकंदांत आपण सरावलो असतो. इथं तो गोंगाट प्रत्येकानं आपापला घालायचा. मी बघितला तेव्हा मला वॉर्डाबाहेरचा गणपतीतला डॉल्बी ऐकू आला. आत बाळ काचेत, आणि बाहेर काचा थरथरतायत. आम्ही पण बाहेर जाऊन शूऽऽ केलंय हो. ‘एक दिवस तर आहे सिस्टर,’ असं उत्तर मिळालंय.

मास्तर, तुम्ही म्हणता योगायोग. ट्रक योगायोग असेल. पण त्या लोंढ्याच्या उलटं चालणारा बाप मी दर आठवड्याला बघते.


खडूस_मास्तर
सोमवार, सकाळी ६.२०

सिस्टर, ह्या प्रसंगाला मी पूर्ण गुण देतो. ट्रकचे गुण मात्र कापलेलेच राहतील.


माजी_जवान_कॅम्प
सोमवार, सकाळी १०.००

मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं, आता पेन्शनर. सिनेमाचं तंत्र मला कळत नाही, पण मुलानं एकदा एक जर्मन मूकपट दाखवला होता तो विसरता येईना. मोठ्या हॉटेलच्या दारावरचा म्हातारा दरबान, झकपक युनिफॉर्म, बटणं चमकतायत, गल्लीत मान. सामान उचलताना दम लागला म्हणून त्याला उतरवून संडासात टॉवेल द्यायला बसवतात. युनिफॉर्म काढून घेतात. संपला माणूस. तो रात्री युनिफॉर्म चोरून घालून घरी जातो, गल्लीत कळू नये म्हणून.

आमच्यातले कितीतरी जण सुटल्यावर एटीएमच्या दारात, सोसायटीच्या गेटवर उभे राहतात. कंपनीचा शिवून दिलेला ढगळा युनिफॉर्म. आमचा एक हवालदार ड्यूटीवर येताना पण बूट असे पॉलिश करून यायचा की बँकेत येणारे आधी बुटांकडं बघायचे. तो सिनेमा बघताना मला सारखा तो आठवत होता. नाव कुणाला माहीत आहे का?


लेन्सवाला_खानापूर
सोमवार, सकाळी १०.२५

साहेब, तो मुर्नाऊचा ‘द लास्ट लाफ’, १९२४. काम एमिल यानिंग्जचं. आणि तुम्ही ‘तंत्र कळत नाही’ म्हणता, पण तंत्राच्या इतिहासात त्याचा पाट वेगळाच मांडलेला असतो. कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड. पहिल्याच शॉटला कॅमेरा सायकलवर, लिफ्टमधून उतरून लॉबीतून सरळ फिरत्या दाराकडं. म्हातारा दारू पिऊन बसतो तेव्हा फ्रॉइंडनं कॅमेरा छातीला बांधला आणि स्वतःच झोकांड्या खाल्ल्या. पाट्या म्हणाल तर सबंध सिनेमात गोष्ट सांगणारी एकच पाटी, ती पण शेवटाकडं.

म्हणजे वडगावकर, तुमच्या अप्पांना तो लावून द्या. वाचून दाखवायचं कामच नाही.


कुंदाप्रेमी
सोमवार, दुपारी १.३०

जरा आडवाटेनं जातो. जुन्या थेटरांचं कुणी काढलंच नाही. कॅम्पात ग्लोबला इंग्रजी पिक्चर लागायचे. मला इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही, पण शेजारी बसलेला मित्र दर पाच मिनिटाला कन्नडमधून गोष्ट सांगायचा, मागच्या रांगेतला मराठीतून त्याला दुरुस्त करायचा, आणि पुढं बसलेला मिलिटरीवाला हिंदीतून दोघांना गप्प बसवायचा. मूकपटाला म्हणे पूर्वी पडद्याशेजारी सांगणारा माणूस असायचा. आमच्याकडं तीन होते, फुकट.

इंटरवलला मिरची भजी. आता त्या चवीची कुठं मिळतात कुणाला ठाऊक आहे का?


एकओळी
सोमवार, दुपारी १.३४

आणि तीन धाग्यांमागं तुम्ही मांडे कुठं मिळतात विचारलं होतं. आयडी बदला, मिरचीप्रेमी करा.


कुंदाप्रेमी
सोमवार, दुपारी १.४०

कुंदा हा धर्म, भजी हा उद्योग.


संपादक_मंडळ
सोमवार, दुपारी २.००

भज्यांसाठी खाऊगल्ली विभागात जावे. हा धागा मूकपटाचा आहे, थोडं मूक राहायला हरकत नाही.


वखारीकडची
सोमवार, रात्री ९.१५

करवीरकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘सावकारी पाश’ मिळत नाही म्हटल्यावर खरंच हळहळ वाटली. माझे आजोबा चिकोडीकडचे. तंबाखू उधारीवर घालायचा, भाव व्यापारी ठरवणार, वर सूट कापणार. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात ते हायवेवर बसले होते. त्यांना तो सिनेमा दाखवला असता तर त्यांनी नक्की विचारलं असतं, “ह्यो कुणाच्या वखारीत घालत होता?”

पण मला एक विचारायचंय. जमीन गेली, माणूस शहरात गेला, हे १९२५ ला दाखवलं. तिथून पुढं गिरणीत त्याचं रोजचं काय? जेवतो कुठं, झोपतो कुठं, मेहुणा येतो का? ‘द क्राउड’मधे मला तेच आवडलं. दुःख मोठं आहे म्हणून नाही, तर डबलबेड भिंतीत दुमडून ठेवायला लागतो म्हणून. ते घर बघताना मला जागेचं माप कळत होतं. सगळं कोपराला लागतंय.

दादा, हे कॅमेऱ्यानं कसं करतात हो? मोठं लहान दिसायला लावणं समजतं. पण अडचण कशी दाखवायची?


लेन्सवाला_खानापूर
सोमवार, रात्री १०.३०

ताई, लाख मोलाचा प्रश्न. ऑफिस, रस्ता, दवाखाना दाखवताना व्हिडोर कॅमेरा उंच नेतो, फिरवतो. बाळंतपणाच्या वॉर्डात पाहा, खाटांची न संपणारी ओळ. पण घरात आला की कॅमेरा गप्प एका जागी. माणसंच एकमेकांना चुकवत हलतात. बाहेर कॅमेरा मोकळा, आत अडकलेला. घर लहान आहे हे भिंत सांगत नाही, ही अदलाबदल सांगते.

आणि जिन्याचा शॉट! तो राहिलाच. वडील गेल्याची बातमी येते, बारा वर्षांचा जॉन खालून जिना चढून वर येतो. कॅमेरा वर. खाली दारात लोक गोळा झालेत, आणि हा एकटा पायरी पायरी आपल्याकडं येतोय. तो जिना खोट्या मापानं बांधलाय. वर रुंद, खाली दाराकडं निमुळता. आपल्याकडचे गणपतीच्या देखाव्याचे कारागीर हेच करतात, मागचे खांब लहान, पुढचे मोठे, आणि आठ फुटांत अख्खा राजवाडा बसवतात. पण तिथं बघणारा म्हणतो, “काय खोल दिसतंय!” इथं कुणी म्हणत नाही. इथं वाटतं, पोराला किती चढायचंय.


मुक्काम_वडगाव
मंगळवार, रात्री ९.५०

उशिरा येतोय, माफ करा. एक प्रयोग केला होता, तो आधी सांगून टाकतो म्हणजे हसून घ्या.

काल संध्याकाळी गणपत गल्लीत ओळखीच्या भाजीवाल्याच्या गाडीवर मोबाईल ठेवला, टोमॅटोच्या क्रेटमागं, व्हिडोरसारखा. ताईंचं वाचलेलं होतं म्हणून भाजीवाल्याला विचारून ठेवला, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना काही सांगितलं नाही. चाळीस मिनिटं शूटिंग. घरी येऊन बघतो तर सगळे पोटापासून गुडघ्यापर्यंत. पिशव्या, पँटी, एक बाई टोमॅटो दाबून बघतेय आणि ठेवून देतेय, दाबून बघतेय आणि ठेवून देतेय. मुलगी म्हणाली, पप्पा हाच खरा वास्तववाद. मग लाज वाटली आणि पुसून टाकलं. त्या बाईला काय विचारणार, तुमचा टोमॅटो दाबतानाचा हात सिनेमात घेऊ का म्हणून?

आता माझ्या मूळ प्रश्नाचं. अप्पांना लेन्सवाले दादांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, जिना खोट्या मापाचा आहे ते. अप्पा म्हणाले, “असू दे की.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. पंखा बघत बसले. मग म्हणाले, आमच्या जुन्या घरी माडीवर जायचा जिना होता, अकरा पायऱ्यांचा. त्यांचे वडील गेले तेव्हा अप्पा नऊ वर्षांचे होते, मागावरून उठून कुणीतरी त्यांना वर पाठवलं. “ते अकरा नव्हतं त्या दिवशी,” म्हणाले.

मी आजवर त्या जिन्यावरनं हजारदा वर-खाली केलंय. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

दादा, माझा प्रश्न मी मागं घेतो.


खडूस_मास्तर
मंगळवार, रात्री १०.२०

ट्रकचे अर्धे गुण परत दिले.


करवीरकर
मंगळवार, रात्री १०.३५

वडगावकर, जेम्स मरेचं पुढं काय झालं ते अप्पांना सांगू नका. दारूनं गेला पार. व्हिडोरला एकदा रस्त्यात भेटला तो पैसे मागत, ओळख पटल्यावर त्यानं परत काम देऊ केलं तर ह्यानं नाही म्हटलं. १९३६ ला हडसन नदीत बुडून मेला. सिनेमाच्या शेवटी जॉन नाटकाच्या थेटरात हसतोय, कॅमेरा मागं मागं जातो आणि तो हसणाऱ्या शेकडो माणसांत दिसेनासा होतो. त्या शेवटाआधी स्टुडिओनं सात शेवट करून बघितले होते म्हणे. त्यात एकही मरेच्या नशिबी आला तसा नव्हता.


मुक्काम_वडगाव
मंगळवार, रात्री १०.४०

नाही सांगत. ते त्या शेवटच्या हसण्यावर खूश आहेत.


लेन्सवाला_खानापूर
मंगळवार, रात्री ११.०५

तो जिना अजून आहे का हो? असेल तर रविवारी येतो कॅमेरा घेऊन. पैसे नकोत. अप्पा चढतील तेवढं चढतील, मी वर उभा राहतो. माप घेऊन ठेवा.


मुक्काम_वडगाव
बुधवार, सकाळी ८.१५

आहे. वाळवी लागलीय पण आहे. अप्पांना विचारलं. तयार आहेत, एका अटीवर: कॅमेरा कधी सुरू केला ते त्यांना सांगायचं नाही.


वखारीकडची
बुधवार, सकाळी ८.४०

त्यांनी स्वतःच सांगितलंय, तेव्हा माझी हरकत नाही. पण वाळवी बघून घ्या आधी. ८१ वय आहे.


कुंदाप्रेमी
बुधवार, सकाळी ८.४२

रविवारी किती वाजता? कुंदा मी आणतो.


एकओळी
बुधवार, सकाळी ८.४३

मी मेहुण्याला घेऊन येतो. तोंड वाकडं करायला कुणीतरी लागेलच.